आमच्या उसाचंही सांडपाणी असतं

नीरा नदीत मासे मेले की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात व्हिडिओ येतो. काळपट फेसाळ पाणी, काठाला पांढरी पोटं वर करून पडलेले मासे, मागून कुणाचा तरी चिडलेला आवाज : "बघा, सोडली परत मळी!" मग रागाचे लाल चेहरे, शिव्या, निवेदनं. मीही असे व्हिडिओ पुढे पाठवलेत, पुढेही पाठवीन. कारखान्यानं नदीत घाण सोडली तर त्याला सोडायचं कारण नाही.

पण गेल्या वर्षी आमच्या घरच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला आणि मला तो ग्रुप उघडायची लाज वाटायला लागली. वहिनी बाळंतपणाहून परत यायची होती, म्हणून पाणी तपासून घ्यावं असं ठरलं. जंतूंची भीती होती, ते फारसे निघाले नाहीत. नायट्रेटच्या ओळीपुढचा आकडा मात्र मर्यादेच्या वर होता. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. आमच्या विहिरीच्या आसपास दोन-तीन किलोमीटरवर एकही कारखाना नाही. चारही बाजूंना ऊस आहे, आणि तो आमचा आहे.

या लेखातलं म्हणणं साधं आहे. शेतालाही सांडपाणी असतं. त्याला पाइप नाही, रंग नाही, वास नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ निघत नाही. आणि जोवर आम्ही शेतकऱ्यांची पोरं हे स्वतःच्या तोंडानं कबूल करत नाही, तोवर कारखान्याकडे दाखवलेलं आमचं बोट अर्धं खोटं आहे.

पोत्याचा हिशेब

नातेपुत्याच्या बाहेरच्यांसाठी थोडा भूगोल. आमचं गाव माळशिरस तालुक्यात, सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. दक्षिणेला शिखर शिंगणापूरचे डोंगर, उत्तरेला नीरा नदी, आणि मधून गेलेला नीरा उजवा कालवा. या पाटानं आमच्या आजोबांच्या पिढीला दुष्काळातून वर काढलं. पाटाखालच्या शिवारात ऊस आला, उसामागं कारखाने आले, शाळा-कॉलेजं आली. माझी फीसुद्धा उसाच्या बिलातून गेली आहे. त्यामुळे उसाला शिव्या देणारा लेख माझ्याकडून होणार नाही.

हिशेब मात्र करू. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आडसाली उसासाठी शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश. म्हणजे एकरी १६० किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तरी एकरी साधारण ३४८ किलो युरिया, ४५ किलोची पावणेआठ पोती. तीही अठरा महिन्यांच्या पिकाला, चार-पाच हप्त्यांत विभागून. शेणखत आणि मिश्रखतातून जाणारं नत्र यातून वजा करायचं असतं.

आमच्या घरात ते कधीच वजा झालं नाही. आठ पोती ठरलेली, वर "पिवळा पडलाय" म्हणून एक-दोन, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून आणखी एक. आणि टाकायचं कसं? सरीत फोकायचं आणि लगेच पाटाचं पाणी सोडायचं. पाळी आली की रात्री दारं धरायला जायचं आणि फड तुडुंब भरला की घरी यायचं.

त्या पाण्याबरोबर जमिनीत काय होतं ते शाळेतल्या विज्ञानात बसतं. युरियाचं आधी अमोनियम होतं. त्याला धन भार असतो, म्हणून काळ्या जमिनीतले चिकणमातीचे कण त्याला धरून ठेवतात. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्याला माती धरत नाही. ते पाण्यात विरघळतं आणि पाणी जिकडे जाईल तिकडे जातं : मुळांच्या खाली, विहिरीत, चरातून ओढ्यात. शिवाय आमच्या जमिनी विम्लधर्मी. वर फोकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेतच उडतो. काही भागाचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पृथ्वी तापवायला सुमारे २७० पट ताकदीचा आहे. सगळं धरून, टाकलेल्या नत्रातलं साधारण ३० ते ५० टक्केच पीक घेतं, असं कृषिशास्त्र वर्षानुवर्षं सांगत आलंय.

म्हणजे आठ पोत्यांतली किमान चार उसाला मिळालीच नाहीत. ती कुठे गेली, हे माझ्या विहिरीच्या अहवालात लिहिलं होतं.

आणि हे आमच्या एका विहिरीचं दुखणं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ४४० जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मर्यादेबाहेर होते. त्यात गावातल्या शोषखड्ड्यांचा आणि गोठ्यांचाही वाटा आहे. तो आहे म्हणून खताचा वाटा नाहीसा होत नाही.

नायट्रेटची सगळ्यात मोठी भीती सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद त्यामुळे कमी होते, बाळ निळं पडू शकतं. वरचं दूध पाण्यात कालवून देतात, धोका तिथे. आपल्याकडे आई-आजी सांगतात, "पाणी उकळून दे." नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. तुरटीनं जात नाही, क्लोरिननंही नाही. आमच्या घरी आता जारचं पाणी येतं. स्वतःची बारमाही विहीर असलेलं घर प्यायचं पाणी विकत घेतंय, आणि विहिरीचं पाणी त्या उसाला देतंय ज्यानं विहीर खराब केली.

पाण्याची वारी

आता जरा पुढे चला. आषाढात माउलींची पालखी फलटणहून बरडमार्गे निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्कामाला येते. त्या रात्री गाव झोपत नाही. प्रत्येक घरात पिठलं-भाकरी, प्रत्येक ओट्यावर माणसं. पुढे माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर.

आमच्या शिवारातलं पाणीही त्याच गावाला जातं, फक्त वाट वेगळी. फडातून चर, चरातून ओढा, ओढ्यातून नीरा. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. ज्या वारकऱ्याला आम्ही रात्री आग्रहानं जेवू घालतो, पाय चेपून देतो, त्याच्या स्नानाच्या पाण्यात आमच्या युरियाचा हिस्सा आम्हीच आधी पाठवून दिलेला असतो.

चंद्रभागेत फक्त आमचं पाप आहे असं नाही. पुणे-पिंपरीचं मैलापाणी उजनीत येतं, गावोगावची गटारं येतात, कारखान्यांचं येतं. पण उजनीवर आणि भीमेवर पसरणारी जलपर्णी काय खाऊन वाढते? नत्र आणि स्फुरदच. ते गटारातून आलं की शेतातून, हे जलपर्णीला कळत नाही. २०१६ मध्ये 'नमामि चंद्रभागा'ची घोषणा झाली तेव्हा चर्चा घाटांची, गटारांची, शुद्धीकरण केंद्रांची झाली. नदीच्या दोन्ही काठांनी शेकडो किलोमीटर पसरलेलं शेत त्या चर्चेत कुणाला फारसं आठवलं नाही.

कायद्यालाही आठवत नाही. १९७४ चा जल प्रदूषण कायदा राबवला जातो तो पाइप असलेल्यांवर : कारखाना, डिस्टिलरी, नगरपालिका. त्यांना मंडळाची संमती लागते, नमुने घेतले जातात, निदान कागदावर तरी. शेताला तसं काही नाही. हजार शेतांतून थोडं-थोडं झिरपलेलं पाणी कुणाच्या नावावर लावायचं? ही अडचण खरी आहे. पण मोजायला अवघड आहे म्हणून ते नाहीच असं धरून चालणं, ही सोय आहे.

हे कळायला शंभर वर्षं लागत नाहीत

"आता कुठं कळतंय हे, पूर्वी कुणाला माहीत होतं?" असं अण्णा म्हणतात. माहीत होतं.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पंचवीसच वर्षांत, १९१० साली, मुंबई इलाख्याच्या शेती खात्यानं हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांचा एक अहवाल छापला. विषय : नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी. निचऱ्याची सोय न करता भरमसाट पाणी दिलं की खालचं पाणी वर येतं, क्षार वर येतात, जमीन चोपण होते, हे तेव्हाच लिहून ठेवलं गेलं. त्यानंतर उजवा कालवा झाला. आणि आम्ही तेच सगळं पुन्हा केलं.

आज पाटाखालच्या कुठल्याही गावात जा. उन्हाळ्यात वरती पांढरं मीठ फुटलेले तुकडे दिसतील. तिथे ऊस गुडघ्याएवढा राहतो, मग मालक म्हणतो, "जमिनीत दम राहिला नाही," आणि आणखी एक पोतं टाकतो. क्षारपड जमिनीतलं पीक ते खत घेऊ शकत नाही. पोतं थेट ओढ्याला.

शिवारभर दिसणाऱ्या ८६०३२ या उसाच्या वाणाचं प्रसारित नाव 'नीरा' आहे. तो इथूनच वर, पाडेगावच्या संशोधन केंद्रानं निवडून शेतकऱ्यांना दिला. नदीचं नाव उसाला दिलं. नदीला उसानं काय दिलं, ते वर सांगितलं.

पंप कुठे धुतला?

खताचं झालं, औषधाचं राहिलं. आमच्याकडे कीटकनाशकाला "औषध" म्हणतात, इथूनच गोंधळ सुरू होतो. डाळिंबाच्या बागेवर हंगामात किती फवारण्या होतात ते बागवाल्याला विचारा, तो मोजणं सोडून देईल. काय फवारायचं हे ठरवतो कृषी सेवा केंद्राचा काउंटर. पान दाखवायचं, किंवा आता पानाचा फोटो दाखवायचा, आणि तो देईल ते मारायचं. जो विकतो तोच निदान करतो. माणसांच्या दवाखान्यात हे चाललं असतं का?

फवारणी संपली की पंप कुठे धुतात? ओढ्यावर. रिकामी बाटली? ओढ्यात, किंवा बांधावर. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट आहे की रिकामे डबे, उरलेलं औषध आणि धुतलेलं पाणी यांची विल्हेवाट पाणी व परिसर दूषित होणार नाही अशीच लावायची, आणि ही जबाबदारी फवारणी करणाऱ्यावरही आहे. नियम पन्नास वर्षांचा झाला. आमच्या गावात तो वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाचा अर्थ सांगणारेही थोडेच. लाल म्हणजे अति विषारी, एवढं तरी सांगायला दुकानदाराला काय हरकत आहे?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हा बातम्या आल्या, चौकशी झाली. २०२० मध्ये केंद्रानं २७ कीटकनाशकं बंद करायचा मसुदा काढला. २०२३ च्या अंतिम आदेशात पूर्ण बंद झाली ती तीन. काहींचे ठरावीक पिकांवरचे वापर तेवढे काढले. म्हणजे कंपन्यांचं ऐकलं गेलं, फवारणाऱ्या मजुराचं नाही. आणि आमच्याकडे फवारणी बहुतेक वेळा मालक करत नाही, रोजानं आलेला माणूस करतो. "अन्नदाता" म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटतो तेव्हा तो माणूस त्या शब्दात येतो का?

चार उत्तरं, जी मला नेहमी मिळतात

हे सगळं मी पारावर बोललो की चार उत्तरं येतात.

पहिलं : "मग काय, सेंद्रिय करून उपाशी मरायचं?" नाही. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली, भाताचं आणि चहाचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांतच निर्णय मागं घ्यावा लागला. मला ते नकोय. आणि सेंद्रिय म्हणजे निर्दोष हेही खरं नाही. कोंबडखताचे ढीग पावसात उघडे पडले तर त्यातलंही नायट्रेट विहिरीतच जातं. मी खत बंद करा म्हणत नाहीये. जे पिकाच्या तोंडात जात नाही ते टाकू नका म्हणतोय.

दुसरं : "आधी पुण्याची गटारं बंद करा." जरूर करा. पण माझ्या विहिरीत पुण्याचं गटार येत नाही.

तिसरं : "शेतकऱ्यावर आणखी एक ओझं." हे उत्तर मी गंभीरपणे घेतो, कारण यात सत्य आहे. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. डीएपीचं ५० किलोचं १,३५० ला, पोटॅशही हजाराच्या वर. २०१० मध्ये बाकी खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर आधारित झालं, युरिया त्यातून बाहेर ठेवला. शेतकरी मूर्ख नाही, तो स्वस्त ते जास्त टाकतो. म्हणजे माझ्या विहिरीतल्या नायट्रेटवर सरकारनं अनुदान दिलंय. त्यात ऐन हंगामात युरिया हवा तर दुकानदार सोबत नको असलेलं टॉनिक घ्यायला लावतो, त्या लिंकिंगची तक्रार करायची सोयही धड नाही. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाहीच. पण ज्याचा दोष जास्त त्याला आधी धरा, याचा अर्थ ज्याचा कमी त्याला कधीच धरू नका, असा होत नाही.

चौथं : "तिकडं युरोपात बघा." बघितलं. युरोपीय संघानं १९९१ मध्येच नायट्रेटविषयी निर्देश काढला : जिथलं पाणी बिघडतंय ते भाग ठरवा, खत केव्हा टाकायचं नाही ते ठरवा, पाण्याकाठी किती अंतर सोडायचं ते ठरवा. तरीही २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये नत्राच्या प्रश्नावरून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. उशीर केला की हिशेब महाग पडतो आणि तो शेतकऱ्याच्याच दारात येतो. आम्हाला अजून वेळ आहे, एवढाच यातला धडा.

मग करायचं काय

मागण्या सरकारकडे आहेत आणि आपल्या स्वतःकडेही.

सरकारकडे : युरियावरचं अनुदान हळूहळू पोत्यावरून काढून तेवढेच पैसे एकरी हिशेबानं थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्या. मग वाचवलेलं पोतं त्याचा फायदा ठरेल. गावातल्या पाणीयोजनेच्या आणि निवडक विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि नंतर, तपासा आणि आकडा नगरपंचायतीच्या फलकावर लावा. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं केलं होतं. सक्ती राहू द्या, निदान अनुदान वेळेवर द्या. आणि ज्या दुकानातून लाल-पिवळ्या त्रिकोणाचं औषध विकलं जातं, तिथे रिकामी बाटली परत घ्यायची सोय बंधनकारक करा.

आपल्याकडे : माती तपासा. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते, आमची तीन वर्षं कपाटात लग्नपत्रिकांखाली होती. पाचट पेटवू नका, सरीत कुजवा. युरिया फोकू नका, मातीआड करा, हप्ते वाढवा, मात्रा कमी करा. पाळी आली म्हणून फड बुडवू नका. ओढ्याकडेच्या दोन सऱ्या सोडा, तिथे गवत वाढू द्या, ते बरंच काही अडवतं. पंप फडातच धुवा, धुवण जमिनीवर पसरून टाका, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब.

हे सगळं लिहिणं सोपं आहे, अण्णांना पटवणं अवघड. मी त्यांना म्हणालो, "अण्णा, तुम्ही एका एकरात मला करू द्या." ते म्हणाले, "एक एकर कमी आला तर बिलातून तू भरून देणार का?" मी हो म्हणालो. पगारातून. त्या एकरात पाच पोती टाकली, तीही मातीआड, पाचट ठेवून. ऊस अजून उभा आहे, तोड व्हायची आहे, म्हणून विजयाची गोष्ट सांगत नाही. अण्णा रोज संध्याकाळी त्या बांधावर जाऊन येतात आणि काही बोलत नाहीत. एवढंच सांगतो की पान पिवळं पडलेलं नाही.

पुढच्या वेळी नदीत मासे मरतील तेव्हा व्हिडिओ जरूर पाठवा, कारखान्याला जाब विचारा. पण त्याआधी आपल्या विहिरीचं एक लिटर पाणी प्रयोगशाळेत नेऊन द्या, आणि जो आकडा येईल तो त्याच ग्रुपवर टाका. माझा मी टाकला. खाली एकही लाल चेहरा आला नाही. दोन दिवस ग्रुप गप्प होता. तिसऱ्या दिवशी एकानं खाजगीत विचारलं, "तपासणीला किती लागतात रे?"